पापणीवरचा डाग

स्टूल भिंतीवर आपटलं, त्याचा एक पाय निखळला आणि घरंगळत पाळण्याखाली गेला. टायरवाल्याची मूठ उगारलेलीच होती. ओट्याला पाठ टेकवून त्याची बायको उभी होती. तिने डोळे गच्च मिटले होते, हनुवटी छातीशी नेली होती आणि जीभ आत ओढून घेतली होती, कारण मार बसताना जीभ दातांत सापडली तर नीट जेवता येत नाही हे तिला अनुभवाने माहीत होतं. पण मूठ आली नाही. तिने डोळे उघडले तेव्हा नवरा पाळण्याकडे बघत होता. आवाजाने पोरगी जागी झाली होती. रडून रडून तिच्या डाव्या पापणीपासून कानशिलापर्यंत पसरलेला लालभडक डाग आणखी फुगला होता.

"गप कर तिला," तो म्हणाला आणि मूठ त्याने कपाटाच्या दारावर मारली. पत्रा आत गेला. मग चपला पायांत सरकवून तो कामावर निघून गेला.

सासू खाटेवर बसून जुन्या स्वेटरची लोकर उसवत होती. तिने मानही वर केली नाही.

"कपाट ना? जाऊ दे. कपाटाला कुठं दुखतंय," ती म्हणाली.

टायरवाला दारू पीत नसे. दारुड्याच्या बायकोला निदान संध्याकाळपर्यंत सवड असते. हिला तीही नव्हती. हा चहा पिऊन मारत असे. उत्तर उशिरा दिलं तर मारी, चटकन दिलं तर उलट बोलतेस म्हणून मारी. दिवसभर तो ट्रकचे टायर काढायचा आणि बसवायचा. लोखंडी पहारीने रबर उचकटायचं आणि घणाने रिंग ठोकायची, हे त्याचं काम. असल्या हातांनी घरी आलं की घरातलं सगळंच त्याला लहान आणि हलकं वाटत असावं. बायको तर होतीच हलकी.

ती एका मोठ्या लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर उभी असायची. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिथे तिला सगळे इस्त्रीवाली म्हणत, आणि गल्लीतही तेच नाव पडलं होतं. सातवा महिना असताना नवऱ्याने तिला असा तडाखा दिला होता की ती धुण्याच्या बादलीवर जाऊन पडली होती. पोरगी तरी धडधाकट जन्मली. पापणीवर डास चावल्यासारखं काहीतरी होतं, तेवढंच. पण महिना होतो न होतो तोच तो ठिपका पसरायला लागला, उंच व्हायला लागला, आणि बघता बघता कानशिलापर्यंत टोमॅटोची साल चिकटवल्यासारखा दिसू लागला.

तेव्हा सासूने पोरीला मांडीवर घेतलं, डाग नीट न्याहाळला आणि मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "ही बघ तुझी बोटं. आईला मारलेलं पोटातल्या पोरीला लागलं. आता जितका हात उचलशील तितका वाढत जाईल."

"काहीतरीच बोलू नको," टायरवाला म्हणाला. पण थोड्या वेळाने, कुणाचं लक्ष नाही असं बघून, त्याने आपला पंजा त्या डागावर अधांतरी धरून पाहिला. मापं काही जुळत नव्हती. पण घाबरलेल्या माणसाला काय, सगळं जुळल्यासारखंच वाटतं. त्या दिवसापासून त्याने बायकोला बोट लावलं नाही. घरातल्या वस्तूंना मात्र वाईट दिवस आले. बादली चेपली, आरसा गेला, आज स्टूल गेलं. पोरीला तो उचलून घ्यायचा, तिच्याशी बोबडं बोलायचा, तिला ठकी म्हणायचा, पण घेताना तिची डावी बाजू नेहमी आपल्या खांद्याकडे दडवायचा.

आणि इस्त्रीवालीला, खरं सांगायचं तर, तो डाग आवडायला लागला होता. आईने असं म्हणू नये. पण लग्नानंतर पहिल्यांदाच ती पाठीवर झोपू शकत होती, आणि पाठ दुखत नसली की माणूस कशाकशाला आपलं म्हणतं याचा भरवसा नाही.

मग एका सकाळी ठकीने उजवा डोळा उघडला आणि डावा उघडलाच नाही. डाग पापणीच्या आत उतरला होता आणि त्याच्या वजनाने पापणी पडद्यासारखी खाली आली होती. इस्त्रीवालीने रजा काढली.

"चला ना तुम्ही पण," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी नाही यायचा. तिथं सगळे माझ्याकडेच बघतील," तो म्हणाला. तेव्हा सासू आणि सून, दोघीच गेल्या.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई अंगाने बारीक होत्या आणि भरभर बोलायच्या. अंगठ्याने पापणी वर करून त्यांनी आत टॉर्च मारला आणि बुबुळ चारी बाजूंनी तपासलं.

"डोळा चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण झाकलेला डोळा बघायला शिकत नाही. या वयात नाही शिकला तर मेंदू त्याचा नाद सोडतो. मग पुढे डाग गेला, डोळा उघडला, तरी त्याने दिसत नाही. म्हणून घाई आहे."

"कापायचं का मग?" सासूने विचारलं.

"नाही, नाही. औषध आहे, तोंडातून द्यायचं. मूळचं ते हृदयाचं. छातीची धडधड, ब्लडप्रेशर वगैरे उतरवायला मोठ्या माणसांना देतात. बीटा-ब्लॉकर म्हणतात त्याला. त्याने या डागातल्या रक्तवाहिन्या आखडतात आणि वाढ थांबते."

"धडधड उतरवतं?" सासू म्हणाली. "मग आमच्याकडे ते मोठ्या माणसालाच द्यायला पाहिजे."

इस्त्रीवालीने तिला कोपराने ढोसलं. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, हे होतं कशानं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना रोज विचारला जात असणार, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "कशानेही नाही. रक्तवाहिन्यांची गाठ आहे ही, कितीतरी बाळांना होते. तुम्ही काही खाल्लंत म्हणून नाही, कुणी काही केलं म्हणून नाही. मनाला लावून घेऊ नका. कुणाचाच दोष नाही."

या वाक्यावर आजवर कितीतरी आया हलक्या होऊन रडल्या असतील. इस्त्रीवालीच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"हे घरी सांगावंच लागेल का?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही, मॅडम."

पहिला डोस तिथेच, त्यांच्या नजरेखाली दिला. नर्सने ठकीच्या टाचेला टोचून साखर बघितली, इवलासा पट्टा दंडाला बांधून प्रेशर बघितलं, छातीला नळी लावून ठोके ऐकले. मग बिनसुईची सिरिंज इस्त्रीवालीच्या हातात देऊन तिने तिच्याकडून तेच तेच घोटून घेतलं. पोट भरलेलं असेल तरच औषध. आधी पाजायचं, मग औषध, मग पुन्हा पाजायचं. बाळ पीत नसेल, उलटी झाली असेल, तर तो डोस चुकला तरी चालेल. पण रिकाम्या पोटी औषध गेलं तर रक्तातली साखर उतरते, मूल घामाने गार पडतं, झटका येतो.

"पोटात गेल्याशिवाय औषध नाही. काय?" नर्स म्हणाली.

"पोटात गेल्याशिवाय औषध नाही," इस्त्रीवाली म्हणाली.

परत जाताना बसस्टॉपवर दोघी बाकावर बसल्या. ठकी मांडीवर झोपली होती. इस्त्रीवाली रस्त्याकडे बघत म्हणाली, "आई, त्यांना नका सांगू डॉक्टर काय म्हणाल्या ते. कुणाचा दोष नाही म्हणाल्या ते."

"मी कशाला सांगू?"

"तुम्हाला वाटत होतं ना, त्यांच्या मारामुळं..."

सासूने तिच्याकडे असं बघितलं, जणू काही ही कालच जन्मली. "अगं वेडे, थापडेनं डाग पडत असते तर माझी सगळी पोरं वाघासारखी पट्ट्यापट्ट्यांची झाली असती. मी आपलं बोलून बघितलं. लागू पडलं. माझ्या वेळी असं बोलणारं कुणी नव्हतं घरात."

दोघी हसल्या. बसस्टॉपवरचा एक म्हातारा वळून बघायला लागला तरी हसत राहिल्या. पण हसता हसता इस्त्रीवाली मधेच थांबली. डाग जायला पाहिजे, नाहीतर डोळा जातो. आणि डाग गेला की तो भिणार कशाला?

औषधाने गुण दिला. इतक्या लवकर देईल असं तिला वाटलं नव्हतं. आठवडाभरात लाल रंग मळका झाला, मग जांभळट, मधे मधे राखेसारखा. बोट लावलं तर गाठ मऊ लागायला लागली. पापणी आधी दोऱ्याएवढी उघडली, मग बटणाच्या काजाएवढी, आणि आतून काळंभोर बुबुळ बाहेर डोकावलं. इस्त्रीवालीने त्या दिवशी लाँड्रीत एका कोटाची बाही जाळली, एवढी ती खुशीत होती.

टायरवाल्यानेही बघितलं. "उतरतोय की," तो म्हणाला. त्याने ठकीला उचलली आणि पहिल्यांदाच तिची डावी बाजू उजेडाकडे धरली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. काही माणसं एकाच तोंडाने रडतात आणि चावतात, त्यांतलाच तो.

त्याच आठवड्यात दुकानात एका ड्रायव्हरने काहीतरी चेष्टा केली. पोरीच्या तोंडाला ठिगळ लावलंय का, असं काहीसं. टायरवाल्याने हातातली पहार टाकली नाही. ड्रायव्हरचा जबडा मोडला, दात दुकानाच्या ग्रीसमध्ये सापडले, आणि ट्रकचा मालक पोलीस घेऊन आला. प्रकरण कसंबसं मिटलं, पण नोकरी गेली. आता तो दिवसभर घरात बसू लागला. बसून बघणार काय? पोरीचा चेहरा.

एका दुपारी त्याने बायकोचा हात पिरगाळला. फार नाही, जरासाच. खरं तर ते मारणं नव्हतंच, अजमावून बघणं होतं. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या तो पाळण्याशी गेला आणि वाकून डाग तपासला. वाढला नव्हता. त्या दिवशी त्याने तिला खांद्याने भिंतीवर ढकललं. सकाळी पुन्हा पाळण्याशी. डाग उलट फिकाच झाला होता. मग पोटरीवर लाथ. मग केस. प्रत्येक वेळी थोडं जास्त, आणि प्रत्येक वेळी सकाळी वाकून बघायचं. इस्त्रीवाली ओट्यापाशी उभी राहून त्याची ती वाकलेली पाठ बघायची. पुढचं पाऊल तो कधी टाकणार हे तिला पाळण्यातल्या पोरीच्या रंगावरून कळायला लागलं होतं.

"ऐक," सासू एकदा तिला मोरीत गाठून कुजबुजली. "औषध जरा थांबव."

"काय?"

"बंद नको करू. दोन-चार दिवस सोड, मग दे. डाग सगळा कशाला जायला पाहिजे? थोडा राहू दे. त्याला दिसेल एवढा."

"आणि डोळा?"

"डोळा उघडलाय की आता. तू जगलीस तर पोरगी जगेल ना? माझं ऐक."

सासूच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच ते टाळता आलं नाही. त्या सकाळी इस्त्रीवालीने सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि मोरीत सोडून वर तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तिने बाटली उघडलीसुद्धा नाही. आठवडा गेला, वर आणखी काही दिवस. डागाने पुन्हा रंग धरला, कडा लाल झाल्या, गाठ फुगली. टायरवाला सकाळी पाळण्याशी वाकला आणि तसाच वाकलेला राहिला. मग त्याने कपाटाचं चेपलेलं दार काढून, अंगणात बसून, आतून ठोकून सरळ केलं. बायकोला विचारलं, "चहा घेतेस?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा प्रश्न त्याने पहिल्यांदाच विचारला होता. घरात अशी शांतता पसरली की शेजारणीने डोकावून पाहिलं, सगळे आहेत ना म्हणून.

इस्त्रीवाली गाढ झोपली, पोटभर जेवली आणि पापणीकडे बघायचं टाळत राहिली.

पण किती दिवस टाळणार? एका रविवारी ठकीला न्हाऊ घातल्यावर तिने डॉक्टरीणबाई प्रत्येक तपासणीला करायच्या तसं केलं. ठकीच्या उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि दुसऱ्या हाताने तिच्यापुढे चमचा हलवला. ठकीने चमच्याकडे बघितलं नाही. तिने आधी मान हलवली, मग तोंड वेडंवाकडं केलं, आणि मग आईचा हात दोन्ही मुठींनी ओरबाडून दूर ढकलायला लागली. हात काढला की हसली. पुन्हा धरला की पुन्हा किंचाळली. तो हात तिला नको होता, कारण त्या हाताने तिचं सगळं जग जात होतं. डावा डोळा पुन्हा पापणीखाली बुडाला होता.

इस्त्रीवाली चमचा हातात धरून मोरीच्या उंबऱ्यावर बसली. आपल्या पाठीवर आपण पोरीचा डोळा पांघरला, हे तिला स्वच्छ कळलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. नवऱ्याचा आला, सासूच्या मायेचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या चहाचा आला. तो चहा तिने घेतला होता, आणि तो तिला गोड लागला होता.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच हॉस्पिटलात गेली.

"औषध देत होता ना नीट?" डॉक्टरीणबाईंच्या आवाजात या वेळी मऊपणा नव्हता.

"मधे सुटलं होतं."

"सुटलं कसं? मी सांगितलं होतं, डोळ्याला थांबायला वेळ नाही म्हणून. आता पुन्हा कमी डोसपासून चढवावं लागेल. आणखी सुटलं तर मी काही करू शकणार नाही."

"आता नाही सुटायचं," इस्त्रीवाली म्हणाली. "काही झालं तरी नाही."

घरी येऊन तिने बाटली ओट्यावर उघड ठेवली. सासूला म्हणाली, "आई, आता मला कुणी काही सांगायचं नाही. रोज देणार. त्यांना काय करायचं ते करू दे."

"मरशील, पोरी."

"बघू."

डाग पुन्हा उतरायला लागला. या वेळी टायरवाला रोज वाकून बघेना. तो लांब बसून बघायचा आणि काहीतरी जुळवत असायचा. त्याच्या मनात काय चाललंय हे त्या दोघींना कळलं तेव्हा उशीर झाला होता.

ती सकाळची वेळ होती. लाँड्रीत जायच्या आधी इस्त्रीवाली ठकीला घेऊन जमिनीवर बसली होती. एका बाजूला पाजून झालं, औषध दिलं, ठकीने तोंड वाकडं करून गिळलं, आणि आता दुसऱ्या बाजूला पाजायचं होतं. तेवढ्यात टायरवाला उठून खाटेवर बसलेल्या आपल्या आईसमोर जाऊन उभा राहिला.

"हात पिरगाळला तरी डाग उतरला," तो म्हणाला. "लाथ घातली तरी उतरला. मी चहा पाजत होतो तेव्हा वाढला. म्हणजे माझ्या मारण्याचा काही संबंधच नव्हता."

सासूने हातातली लोकर बाजूला ठेवली.

"तू रचलंस ते! पोरगी जन्मल्यापासून मला चोर केलंस. बाप असून तिच्या तोंडाकडं नीट बघितलं नाही मी. रस्त्यातनं नेताना झाकून नेली. कुणी डागाचं नाव काढलं की माझ्याच गालात बसल्यासारखं व्हायचं मला. नोकरी गेली त्यापायी! आणि तू बसून लोकर उसवत होतीस!"

"मग काय करायला पाहिजे होतं मी?" सासू म्हणाली. "तुझ्या बापाला बघत बसले तसं तुला पण नुसतं बघत बसायचं?"

त्याने तिला ढकललं. म्हातारी खाटेच्या कडेवरून पडली आणि तिचं मनगट अंगाखाली सापडलं. कडकन् आवाज झाला. मग तो वळला.

"आणि तुला पण माहीत होतं."

इस्त्रीवालीच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती. औषध पोटात गेलंय, आणि पोट अजून भरलेलं नाही. पळाली असती तर ठकी रडली असती, रडली की प्यायली नसती. ती बसल्या जागी फिरली. पोरगी भिंतीच्या कोपऱ्याकडे, पाठ नवऱ्याकडे, आणि डोकं खाली. तिने ठकीला छातीशी धरलं.

"पी, बाळा," ती म्हणाली. "पी पटकन."

पहिला फटका कानावर बसला. उघड्या पंजाचा, पूर्ण ताकदीचा. डोक्यात शिट्टी वाजली, ताणली गेली आणि मग तुटल्यासारखी बंद झाली. दुसरा मानेवर आला. त्यानंतर मूठ, पाठीवर, बरगड्यांवर, जिथे मिळेल तिथे. टायरची रिंग बसेपर्यंत ठोकतात तसा तो ठोकत राहिला आणि प्रत्येक ठोक्याला काहीतरी ओरडत राहिला, ते आता तिला अर्धंच ऐकू येत होतं. ठकी दचकायची, तोंड सोडायची. इस्त्रीवाली पुन्हा तिचं तोंड छातीशी न्यायची. कानातून काहीतरी ऊन ऊन मानेवरून ओघळत होतं. तिने हात वर केला नाही, कारण दोन्ही हात कामात होते. आणि ठकी प्यायली. हुंदके देत, मधे मधे थांबत, पण प्यायली.

सासू मोडकं मनगट छातीशी धरून दारापर्यंत रांगत गेली आणि गल्लीत तोंड काढून असं किंचाळली की समोरच्या घरातले दोघे तिघे धावत आले. त्यांनी टायरवाल्याला मागून धरून ओढत बाहेर नेलं. तो पायरीवर बसला आणि ढसाढसा रडायला लागला. रडणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारं माणूस लगेच मिळालं. पाणी आणायलाही कुणीतरी पळालं.

इस्त्रीवालीने ठकीचं पोट चाचपून बघितलं. भरलेलं होतं. कपाळ कोरडं आणि गरम होतं. मग तिने चेहरा पुसला, औषधाची बाटली आणि सिरिंज पिशवीत घातली, सासूला उजव्या दंडाला धरून उठवलं. पायरीवर बसलेल्या नवऱ्याच्या बाजूने दोघी खाली उतरल्या. त्याने मान वर केली. "कुठं निघालात?" त्याने विचारलं. सासू म्हणाली, "माझ्या बहिणीकडे. तुला पत्ता माहीत आहे, पण येऊ नको."

बहिणीचं घर एका खोलीचं होतं, पण दाराला आतून भक्कम कडी होती. इस्त्रीवालीने दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लाँड्रीत जाऊन वाफेच्या इस्त्रीने चादरी दाबायला सुरुवात केली. पाठ वाकवता येत नव्हती, तर ताठ उभी राहून दाबल्या. सकाळ-संध्याकाळ आधी पाजणं, मग औषध, मग पुन्हा पाजणं. त्यात खंड पडला नाही.

पुढच्या तपासणीला दोघी ठकीला घेऊन गेल्या. सासूचा हात प्लास्टरमध्ये होता. डाग आता शाई सांडून पुसल्यासारखा उरला होता आणि पापणी वर होती. डॉक्टरीणबाईंनी ठकीला आईच्या मांडीवर समोर तोंड करून बसवलं, तिच्या उजव्या डोळ्यावर आपला हात धरला आणि एक लाल चेंडू हळूहळू एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेला. ठकीने हात ढकलला नाही. ती रडलीही नाही. तिचा डावा डोळा चेंडूच्या मागोमाग गेला, परत आला, वर गेला. मग तिने चेंडू धरायला हात पुढे केला आणि बरोबर त्यावर ठेवला.

डॉक्टरीणबाई इस्त्रीवालीच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. त्या वाकून काहीतरी म्हणाल्या. इस्त्रीवाली समोर बघत राहिली. त्या पुन्हा म्हणाल्या. ती तशीच बसून होती, ओठ घट्ट मिटून, निकालाची वाट बघत. सासूने चांगल्या हाताने तिचा खांदा हलवला. तेव्हा ती दचकली आणि तिने आख्खं तोंड फिरवून उजवा कान डॉक्टरीणबाईंपुढे केला.

"या बाजूनं बोला, मॅडम. तो कान गेला."

डॉक्टरीणबाईंच्या हातातला चेंडू तसाच राहिला. "गेला म्हणजे? कसा?"

"ते सांगते. आधी डोळ्याचं सांगा."

"दिसतंय तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या डोळ्याने चांगलं दिसतंय."

इस्त्रीवालीने मान हलवली.

"पुन्हा एकदा सांगाल?"

"ऐकू नाही आलं का?"

"आलं," ती म्हणाली. "तरी सांगा."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. मग इस्त्रीवालीने ठकीला सासूच्या मांडीवर दिलं, डोक्याला बांधलेला रुमाल सोडला, केस मागे घेतले आणि कानाबद्दल सांगायला सुरुवात केली.